भुईकोटातले मौलाना

नागापूरहून नगरचा भुईकोट किल्ला काही फार लांब नाही. पंडित नेहरूंनी तिथे ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण त्याच वेळी त्याच किल्ल्यात काँग्रेसचे तेव्हाचे अध्यक्ष मौलाना अबुल कलाम आझादही कैदेत होते, हे पटकन आठवत नाही. माझ्या इंग्लिश मीडियमच्या पुस्तकात त्यांचा एक फोटो आणि ‘पहिले शिक्षणमंत्री’ एवढी एक ओळ होती. मला मात्र त्यांच्याबद्दल वेगळंच सांगायचं आहे. ‘तुम्ही खरे मुसलमान नाही’ असं आयुष्यभर ऐकावं लागलेल्या या माणसाने उत्तर कसं दिलं?

मौलानांचा जन्म ११ नोव्हेंबर १८८८ चा, तोही मक्केत. नंतर कुटुंब कलकत्त्याला आलं. वडील मोठे पीर होते, त्यामुळे मुलाचं सगळं शिक्षण घरी, जुन्या धार्मिक पद्धतीने झालं. पण तरुणपणी या मुलाला शंकांनी घेरलं. वडिलांची गादी त्याने नाकारली, चोरून सतार शिकला आणि वारशाने आलेल्या समजुतींतून सुटलो म्हणून ‘आझाद’ हे नाव घेतलं. म्हणजे त्यांची श्रद्धा आयती आलेली नव्हती, ती त्यांनी विचार करून परत मिळवली होती. पुढच्या वादांत हीच गोष्ट त्यांच्या उपयोगी पडली.

१९१२ साली, वयाची २४ वर्षं पूर्ण व्हायच्या आत, त्यांनी ‘अल-हिलाल’ हे उर्दू साप्ताहिक काढलं. इंग्रजांविरुद्ध लढणं हे मुसलमानाचं धर्मकर्तव्यच आहे, असं ते कुराणाच्या आधारे मांडत. सरकारने पेपर बंद पाडला आणि त्यांना रांचीला नजरकैदेत ठेवलं. हिंदूंबरोबर एक राष्ट्र कसं होईल, या आक्षेपाला त्यांनी खिलाफतीच्या काळात थेट पैगंबरांच्या मदिनेतल्या कराराने उत्तर दिलं. त्या करारात मुसलमान आणि ज्यू यांना मिळून एक समुदाय मानलं होतं.

दुसरा आक्षेप उलेमांचा होता. ‘तर्जुमान-उल-कुराण’ या ग्रंथात त्यांनी लिहिलं की सर्व धर्मांचं मूळ एकच आहे, फरक आहे तो आचार-नियमांचा. यावर टीका झाली की मग पैगंबरांवर श्रद्धा आणि नमाज-रोजे हवेत कशाला? मौलानांनी पत्रांतून शांतपणे खुलासा केला. मूळ एक आहे म्हणजे नियम पाळू नका, असा अर्थ होत नाही. मुद्दा सोडला नाही आणि आवाजही चढवला नाही.

१९४० मध्ये ते काँग्रेसचे अध्यक्ष झाले. त्याच वर्षी जिनांनी त्यांना तार पाठवून काँग्रेसने शोभेसाठी पुढे केलेला मुसलमान ठरवलं. मौलाना त्या भाषेत उतरले नाहीत. पण १५ एप्रिल १९४६ च्या निवेदनात त्यांनी ‘पाकिस्तान’ या शब्दालाच हात घातला. काही भूमी पाक आणि बाकीची नापाक, ही वाटणी इस्लामला मान्य नाही, कारण पैगंबरांनी सगळी पृथ्वीच मशीद मानली, असा त्यांचा युक्तिवाद होता.

या दोन घटनांच्या मध्ये आपल्या नगरची कैद येते. ९ ऑगस्ट १९४२ ला पहाटे मुंबईत अटक झाली आणि रेल्वेने त्यांना नगरला आणलं. इथे पहाटे उठून, स्वतः चहा करून ते एका मित्राला पत्रं लिहायचे. ती पाठवता येत नव्हती. पुढे १९४६ मध्ये ‘गुबार-ए-खातिर’ नावाने ती पुस्तकरूपात आली. खोलीत येणाऱ्या चिमण्यांना त्यांनी नावं ठेवली होती, त्यांतल्या एकीचं नाव चक्क ‘मुल्ला’! एप्रिल १९४३ मध्ये कलकत्त्यात त्यांच्या पत्नी झुलेखा बेगम वारल्या. आजारपणाच्या बातम्या येत होत्या, पण सरकारकडे सुटकेसाठी एक शब्दही टाकायला त्यांनी नकार दिला. शेवटची भेट झालीच नाही.

फाळणी झालीच. त्या अर्थाने मौलाना हरले. त्याआधी अलीगढ स्टेशनवर विद्यार्थ्यांनी त्यांचा घोर अपमान केला होता. पण फाळणीनंतर शिक्षणमंत्री म्हणून त्यांनी ते विद्यापीठ सांभाळलं आणि १९४९ मध्ये तिथल्याच पदवीदान समारंभात भाषण दिलं. १९५१ मध्ये खरगपूरला पहिल्या आयआयटीचं उद्घाटन त्यांच्याच हस्ते झालं. म्हणजे आपल्या इंजिनिअर जमातीवर या मदरशाबाहेर शिकलेल्या मौलानांचं ऋण आहे! २२ फेब्रुवारी १९५८ ला ते गेले. १९९२ मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न मिळालं.

आपल्या होस्टेलमध्येही रात्री जेवणानंतर धर्मावर वाद होतात. एखाद्याला ‘तू आमच्यातला नाहीस’ असं दोन्हीकडून ऐकावं लागतं. अशा वेळी मौलाना आठवावेत. मुद्द्याला उत्तर द्यायचं, तेही नीट अभ्यास करून. शिवी आली तर ती तिथेच सोडून द्यायची आणि दुसऱ्या दिवशी मेसमध्ये त्याच मित्राशेजारी बसायचं.