जिराफापलीकडचा लामार्क

शाळेच्या पुस्तकात लामार्क आपल्याला भेटतो तो जिराफाच्या मानेपुरता. त्याचे मत चुकले, एवढे पाठ करून आपण डार्विनकडे वळतो. मला मात्र हा माणूस त्या एका चुकीहून फार मोठा वाटतो.

झाँ बाप्तीस्त लामार्क यांचा जन्म १७४४ साली उत्तर फ्रान्समध्ये झाला. घराणे खानदानी, पण पैसा नाही. त्यात हे अकरावे अपत्य. वडिलांनी धर्मोपदेशक व्हावे म्हणून शाळेत घातले. वडील वारताच मुलगा सैन्यात गेला. आजारपणामुळे तेही सुटले. मग तुटपुंज्या निवृत्तिवेतनावर त्यांनी वनस्पतींचा अभ्यास आरंभला. १७७८ साली फ्रान्सच्या वनस्पतींवरील त्यांचा ग्रंथ निघाला, तो लॅटिनमध्ये नव्हे, लोकांच्या फ्रेंचमध्ये! मराठीतून शिकणाऱ्या मला याचे मोल विशेष वाटते.

भांगेच्या झाडाला लिनिअसने १७५३ मध्ये कॅनाबिस सटायव्हा हे नाव दिले होते. पुढे सोनेरा या प्रवाशाने भारतातून नेलेले नमुने लामार्कांपुढे आले. युरोपातले झाड उंच, धाग्यासाठी लावलेले. भारतातले ठेंगणे, फांद्यांनी भरलेले, टणक खोडाचे, धाग्याला निरुपयोगी. या ठेवणीवरून त्यांनी १७८५ साली ती वेगळी जात मानून तिला कॅनाबिस इंडिका म्हटले. जाती दोन की एक, हा वाद अजून मिटलेला नाही. पण त्यांनी टिपलेला फरक खरा होता.

दाट पेरलेला ताग सरळ वाढतो, विरळ पेरला की फांद्या फुटतात, हे आम्हा शेतकऱ्यांच्या घरी सर्वांना ठाऊक असते. मग झाडाची ठेवण बियाण्याने ठरते की जमिनीने? नवे वाण काढणाऱ्याला आधी हेच पारखावे लागते. परिस्थितीने आलेला बदल पुढच्या पिढीत उतरतो, असे लामार्कांनी मानले. तिथेच ते चुकले. परंतु सजीवांच्या जाती बदलतात, हे त्यांनी १८०९ साली, डार्विनच्या ग्रंथाआधी पन्नास वर्षे, निर्भयपणे मांडले.

उतारवयात दृष्टी गेली. मुलगी लिहून घेई, ते सांगत. १८२९ साली दारिद्र्यातच ते वारले. पुरायला जागा मिळाली तीही ठराविक मुदतीची. पुढे अस्थींचाही पत्ता राहिला नाही. असंख्य जीवांना नावे देणाऱ्याच्या कबरीवर नाव उरले नाही! परीक्षेत जिराफाचे उत्तर लिहिताना एवढे तरी आपण आठवावे.