प्लाझ्माची पावडर आणि डॉ. ड्र्यू

अंडे उकडले की त्यातला पांढरा भाग घट्ट होतो आणि पुन्हा पातळ होत नाही. उष्णतेने प्रथिनांची घडी मोडते, ती परत बसत नाही. रक्तातील प्रथिनांचेही तसेच. म्हणून प्लाझ्मा, म्हणजे रक्तातील पेशी काढून उरलेला द्रव, आचेवर आटवून वाळवता येत नाही. तरीही दुसऱ्या महायुद्धात त्याची पावडर आघाडीवर पोहोचली. त्या कामाची घडी बसवणाऱ्यांत डॉ. चार्ल्स ड्र्यू अग्रभागी होते.

३ जून १९०४ रोजी वॉशिंग्टनमधील एका कृष्णवर्णीय कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील गालिचे बसवण्याचे काम करीत. चार्ल्स उत्तम खेळाडू होते. १९३३ मध्ये कॅनडातील मॅकगिल विद्यापीठातून ते डॉक्टर झाले. साठवलेल्या रक्तावरील प्रबंधासाठी कोलंबिया विद्यापीठाने १९४० मध्ये त्यांना डॉक्टरेट दिली.

त्याच वर्षी ब्रिटनवर बॉम्ब पडू लागले. न्यूयॉर्कमधून तिकडे प्लाझ्मा पाठवण्याच्या मोहिमेची वैद्यकीय सूत्रे ड्र्यू यांच्याकडे आली. हा प्लाझ्मा द्रवरूप होता. त्यात जंतू शिरण्याची भीती असे. ड्र्यू यांनी सर्व रुग्णालयांसाठी एकच काटेकोर पद्धत घालून दिली. १९४१ मध्ये अमेरिकन रेड क्रॉसने वाळवलेल्या प्लाझ्माचा प्रायोगिक प्रकल्प त्यांच्यावर सोपवला.

वाळवण्याचे तंत्र इतर संशोधकांचे होते. प्लाझ्मा आधी गोठवायचा, मग निर्वात पात्रात ठेवायचा. तिथे बर्फ न वितळता थेट वाफ होऊन निघून जातो. थंडीमुळे प्रथिने बऱ्याच अंशी शाबूत राहतात. सैनिकांसाठी एका डब्यात पावडरची बाटली, दुसऱ्यात शुद्ध पाण्याची. दोन्ही मिसळले की काही मिनिटांत प्लाझ्मा तयार होई.

पण रेड क्रॉसने सुरुवातीला कृष्णवर्णीयांचे रक्त नाकारले. १९४२ पासून घेतले, तेही वेगळे ठेवून. म्हणजे ज्यांनी ही व्यवस्था उभारली, त्यांचेच रक्त वेगळे काढले गेले असते. तोवर हॉवर्ड विद्यापीठात परतलेल्या ड्र्यू यांनी या भेदाला विज्ञानाचा आधार नाही, असे जाहीरपणे सांगितले.

१ एप्रिल १९५० रोजी मोटार अपघातात, वयाच्या ४५ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. गोऱ्यांच्या रुग्णालयाने उपचार नाकारल्याची अफवा पसरली. प्रत्यक्षात डॉक्टरांनी त्यांना वाचवण्याची शिकस्त केली होती. रेड क्रॉसने रक्तातील भेद त्याच वर्षी थांबवला.

आज आपल्याकडे सर्पदंशावर दिले जाणारे प्रतिविषही बहुधा अशाच गोठवून वाळवलेल्या पावडरच्या कुपीत येते. शुद्ध पाणी घातले की त्यातली प्रथिने पुन्हा कामाला लागतात.