बोट फुल्ल होती, तरी गांधीजींना पहिल्या वर्गाची जागा मिळाली, ती कशी?

क्रूझचं बुकिंग झालं की काही दिवसांनी बऱ्याच कंपन्यांचा मेल येतो. तुमची साधी केबिन आहे, बाल्कनीवाली हवी असेल तर बोली लावा. कमीत कमी इतके, जास्तीत जास्त इतके. बोली बहुतेक वेळा माणशी असते, त्यामुळे दोघांच्या केबिनला आकडा दुप्पट होतो. कंपनीने बोली घेतली की कार्डावरून पैसे कापले जातात आणि सहसा परत मिळत नाहीत. खोली कोणत्या मजल्यावरची, हे आपल्या हातात नसतं.

बोट फुल्ल असेल तर? तरीही बोली मागवल्या जातात. ऐनवेळी कुणीतरी रद्द करतं, त्याच्या खोलीत खालचा प्रवासी वर जातो आणि त्याची सुटलेली खोली कंपनी पुन्हा विकते.

पण १८९३ साली मुंबईत एका तरुणाला फुल्ल बोटीत जागा हवी होती, तेव्हा असलं काही नव्हतं. तो तरुण म्हणजे मोहनदास करमचंद गांधी.

तेव्हा गांधीजी २३ वर्षांचे होते. विलायतेहून बॅरिस्टर होऊन १८९१ मध्ये परतले, मुंबईत वकिली करून पाहिली, जमली नाही. पहिल्याच खटल्यात उलटतपासणीला उभे राहिले आणि तोंडातून शब्द फुटेना. मग राजकोटला जाऊन अर्ज लिहून देण्याचं काम सुरू केलं. अशात दक्षिण आफ्रिकेतल्या दादा अब्दुल्ला यांच्या पेढीकडून काम आलं. एका वर्षासाठी १०५ पौंड, राहण्याजेवण्याचा खर्च पेढीचा आणि जाण्यायेण्याचं पहिल्या वर्गाचं भाडं.

तर एप्रिल १८९३ मध्ये ते मुंबईत बोट पकडायला आले आणि पेढीच्या एजंटने हात वर केले. पहिल्या वर्गात एकही बर्थ शिल्लक नव्हता. डेकवरून जायची तयारी असेल तर बघा, जेवणाची सोय वरच्या वर्गात करू, असा तोडगा त्याने काढला.

डेक म्हणजे उघड्यावर सतरंजी टाकून, सामान उशाशी घेऊन करायचा प्रवास. गांधीजींनी सरळ नकार दिला. बॅरिस्टर माणूस डेकवरून कसा जाईल, हा त्यांचा प्रश्न होता. यात मान होता, थोडा ताठाही होता, आणि ते त्यांनी पुढे आत्मकथेत लपवलं नाही.

एजंटवर विश्वास बसेना म्हणून ते स्वतः बोटीवर गेले आणि थेट मुख्य अधिकाऱ्याला गाठलं. त्याने कारण सांगितलं: मोझांबिकचे गव्हर्नर-जनरल याच बोटीने निघालेत, त्यामुळे सगळे बर्थ गेलेत. गांधीजींनी विचारलं, कुठेच सोय होणार नाही का? अधिकाऱ्याने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि हसला. त्याच्या स्वतःच्या केबिनमध्ये एक जादा बर्थ होता. तो प्रवाशांना देत नसत, पण यांना देऊ केला.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. हे फुकटचं अपग्रेड नव्हतं. गांधीजींनी एजंटला रीतसर तिकीट काढायला लावलं. फक्त जो बर्थ विक्रीच्या यादीतच नव्हता, तो विचारल्यामुळे मिळाला. तो द्यायचा की नाही, हे एका माणसाच्या मनावर होतं.

प्रवासात कप्तानाशीही गट्टी जमली. त्याला बुद्धिबळाचा नाद होता आणि जोडीला नवखा खेळाडू हवा होता. पुढे लामू बंदरात गांधीजी उतरले आणि परतायला उशीर झाला. कप्तानाने बोट पाच मिनिटं थांबवून ठेवली. शिडी उचललेली होती, म्हणून त्यांना दोरीने वर ओढून घ्यावं लागलं!

बोटीवर चाललं ते रेल्वेत चाललं नाही. डर्बनहून प्रिटोरियाला निघताना पहिल्या वर्गाचं तिकीट खिशात होतं. अंथरुणाचे पाच शिलिंग वेगळे द्यायचे होते, ते त्यांनी हट्टाने दिले नाहीत. पीटरमॅरिट्झबर्गला एका गोऱ्या प्रवाशाने तक्रार केली आणि पोलिसाने त्यांना सामानासकट खाली ढकललं. हाडं गोठवणाऱ्या थंडीत रात्र स्टेशनवर गेली. तारा गेल्या, दुसऱ्या संध्याकाळच्या गाडीत जागा राखून ठेवली गेली आणि यावेळी त्यांनी अंथरुणाचं तिकीटही घेतलं. पैसे तेच, तिकीट तेच, फक्त ठरवणारा माणूस वेगळा होता.

१९०२ च्या सुरुवातीला ते कलकत्त्यात महिनाभर नामदार गोखल्यांकडे राहिले. परतताना हिंदुस्थानात तिसऱ्या वर्गाने फिरून लोकांचे हाल पाहायचे, असं ठरवलं. गोखल्यांना आधी हसू आलं. पण नंतर पुऱ्या आणि लाडू भरलेला डबा देऊन ते स्वतः स्टेशनवर पोचवायला आले. राजकोटपर्यंतचा खर्च भाड्यासकट ३१ रुपयांच्या आत.

आता तुम्हाला वाटेल, इथून पुढे कायमचा तिसरा वर्ग. तर नाही. त्याच वर्षी ते मुंबईत गिरगावात राहायला आले. मुलगा मणिलाल विषमज्वर आणि न्यूमोनियाने आजारी पडला. तो बरा झाला, पण घर दमट होतं, उजेड कमी. म्हणून सांताक्रूझला हवेशीर बंगला भाड्याने घेतला आणि सांताक्रूझ ते चर्चगेट पहिल्या वर्गाचा पास काढला! डब्यात अनेकदा ते एकटेच असत आणि त्याचा त्यांना अभिमान वाटे. कधीकधी थेट चर्चगेटला जाणारी फास्ट गाडी मिळावी म्हणून वांद्र्यापर्यंत चालत जात. आज पश्चिम रेल्वेच्या फर्स्ट क्लासला लोंबकळणाऱ्यांना हे वाचून काय वाटेल, कोण जाणे. त्याच वर्षअखेर आफ्रिकेहून बोलावणं आलं आणि बंगला तसाच ठेवून, बायकामुलांना तिथेच सोडून ते निघाले.

बदल हळूहळू झाला. १९०६ आणि १९०९ मध्ये हिंदी लोकांची बाजू मांडायला लंडनला गेले, तेही पहिल्या वर्गाने. जुलै १९१४ मध्ये आफ्रिका कायमची सोडली, तेव्हा मात्र कस्तुरबा आणि मित्र कॅलनबाख यांच्यासह तिसऱ्या वर्गाने निघाले. मग गंमत उलटी झाली. लंडनहून मुंबईला येताना पी अँड ओ कंपनीच्या बोटींवर तिसरा वर्गच नव्हता, म्हणून नाइलाजाने दुसऱ्या वर्गाचं तिकीट घ्यावं लागलं. पहिल्या वर्गासाठी अडून बसलेला माणूस आता खालचा वर्ग मिळाला नाही म्हणून खट्टू होता. ९ जानेवारी १९१५ ला ते अपोलो बंदरावर उतरले.

१९३१ मध्ये गोलमेज परिषदेला ‘राजपुताना’ बोटीने दुसऱ्या वर्गाने गेले आणि बराच वेळ डेकवर घालवला. सोबतच्यांनी आणलेल्या जादा बॅगा त्यांनी एडनहून परत पाठवायला लावल्या. मात्र पुढच्या काळात त्यांच्या तिसऱ्या वर्गासाठी रेल्वेला वेगळा डबा द्यावा लागे, कारण गर्दीच तेवढी उसळायची. तो साधेपणा व्यवस्थेला स्वस्त पडत नव्हता, हेही खरं.

१२ फेब्रुवारी १९४८ ला अलाहाबादच्या संगमावर त्यांच्या अस्थींचं विसर्जन झालं. दिल्लीहून अस्थी घेऊन गेलेल्या खास गाडीला तिसऱ्या वर्गाचे डबे जोडले होते.