खाशाबा जाधव

खाशाबा दादासाहेब जाधव (जन्म : १५ जानेवारी १९२६, गोळेश्वर, ता. कराड, जि. सातारा, मृत्यू : १४ ऑगस्ट १९८४) हे भारतीय मल्ल होते. फिनलंडची राजधानी हेलसिंकी येथे १९५२ साली झालेल्या ऑलिंपिक स्पर्धेत मुक्तशैली कुस्तीच्या बँटमवेट (५७ किलो) गटात त्यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताला वैयक्तिक क्रीडाप्रकारात मिळालेले हे पहिले ऑलिंपिक पदक होय. त्यापूर्वीची भारताची पदके हॉकीची, म्हणजे संघाची. १९०० सालच्या पॅरिस स्पर्धेत नॉर्मन प्रिचर्ड यांनी मिळवलेली दोन रौप्यपदके ब्रिटिश अमदानीतील. खाशाबांनंतर दुसरे वैयक्तिक पदक येण्यास ४४ वर्षे लागली. ते १९९६ साली टेनिसपटू लिअँडर पेस यांनी अटलांटा येथे मिळवले. कुस्तीतले पुढचे पदक तर २००८ साली, बीजिंगमध्ये सुशील कुमार यांच्या रूपाने आले.

जेमतेम ५ फूट ५ इंच उंची आणि सडपातळ बांधा यांमुळे खाशाबांना 'पॉकेट डायनॅमो' हे टोपणनाव मिळाले होते. मल्ल म्हटले की डोळ्यांसमोर जी भरदार आकृती उभी राहते, तिच्याशी त्यांचे काहीही साम्य नव्हते. हे वेगळेपण त्यांच्या वाटेत पुन्हा पुन्हा आडवे आले.

बालपण आणि तालीम

कराडजवळच्या गोळेश्वर या खेड्यातील शेतकरी कुटुंबात खाशाबांचा जन्म झाला. पाच भावांत ते सर्वांत धाकटे. वडील दादासाहेब स्वतः नावाजलेले पैलवान असल्यामुळे घरात कुस्तीचे वातावरण होते. वयाच्या पाचव्या वर्षीच वडिलांनी त्यांना आखाड्यात उतरवले. आठव्या वर्षी त्यांनी परिसरातील एका नामांकित पैलवानाला दोन मिनिटांत अस्मान दाखवले, अशी हकीकत सांगितली जाते. पुढे बाबूराव बलावडे आणि बेलापुरी गुरुजी यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांचे शिक्षण झाले.

१९४० ते १९४७ या काळात ते कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकत होते. कुस्तीखेरीज मल्लखांब, पोहणे, धावणे, वजन उचलणे आणि हातोडाफेक यांतही त्यांना गती होती. याच वर्षांत १९४२ ची चळवळ पेटली. सातारा जिल्ह्यातील भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देणे आणि त्यांचे निरोप पोचवणे ही कामे विद्यार्थिदशेतील खाशाबांनी केली. देश स्वतंत्र झाला तेव्हा ऑलिंपिकमध्ये तिरंगा फडकवण्याचा निश्चय त्यांनी मनाशी केला होता.

राजाराम महाविद्यालयातील प्रसंग

उच्च शिक्षणासाठी खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. कोल्हापूर ही त्या वेळीही कुस्तीची पंढरी होती. राजर्षी शाहू महाराजांनी मल्लविद्येला दिलेला आश्रय, गल्लोगल्लीच्या तालमी आणि १९१२ साली सुरू झालेले खासबाग मैदान यांमुळे दूरदूरचे मल्ल तेथे येत. अशा शहरात या किरकोळ बांध्याच्या मुलाकडे कोणाचे लक्ष जाण्याचे कारण नव्हते. महाविद्यालयाच्या वार्षिक क्रीडास्पर्धेत कुस्तीसाठी नाव देण्यास ते गेले, तेव्हा क्रीडाशिक्षकांनी त्यांची शरीरयष्टी पाहून नाव नोंदवून घेण्यास नकार दिला. खाशाबा थेट प्राचार्यांकडे गेले आणि परवानगी मिळवून आले. मैदानात उतरल्यावर त्यांनी आपल्याहून धिप्पाड आणि अधिक नावाजलेले प्रतिस्पर्धी एकामागून एक चीत केले.

क्रीडाशिक्षकांच्या नकाराला दुष्टपणा म्हणता येणार नाही. त्यामागे मातीतल्या कुस्तीची रूढ समजूत होती. गावोगावच्या जत्रांतील फडात वजनकाटा नसे. जोड नजरेच्या अंदाजाने लावली जाई. कुस्ती निकाली होईपर्यंत चालत असल्यामुळे लांबलेल्या झुंजीत अंगचे वजन आणि दम यांचाच शेवटी वरचष्मा होई. लहान चणीच्या मल्लापुढे एकच उपाय उरे : समोरच्याने आपले वजन अंगावर टाकण्यापूर्वी डाव साधणे. खाशाबांचा हातखंडा असलेला ढाक हा डाव याच जातीचा. त्यात प्रतिस्पर्ध्याची मान आवळून धरायची आणि झटक्यात वळून त्याला जमिनीवर फेकायचे. आत शिरणाऱ्याची कंबर समोरच्याच्या कंबरेखाली गेली, की उंच माणसाची उंचीच त्याला खाली आणते. बुटकेपणा येथे उणेपणा राहत नाही. मात्र पकड आणि वळण यांत क्षणाचाही विलंब झाला, तर डाव करणाराच खाली सापडतो.

लंडन, १९४८

कोल्हापूरच्या महाराजांनी प्रवासखर्चाचा भार उचलल्यामुळे खाशाबांना १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला जाता आले. तेथे ते फ्लायवेट (५२ किलो) गटात उतरले. वजनगटांमुळे प्रथमच त्यांच्यासमोर त्यांच्याच वजनाचे मल्ल आले. अडचण उद्भवली ती वेगळीच. लाल मातीत वाढलेल्या मल्लाला गादीवरच्या कुस्तीची सवय नव्हती. तेल, ताक, हळद घालून मळलेली माती पायाला धरून ठेवते. गादीवर बूट घालून उभे राहावे लागते आणि सगळ्या हालचालींची लय बदलते. मातीत लांग धरून डाव मारता येतो, मुक्तशैलीत कपड्याला हात लावता येत नाही. त्यातच वेळेची मर्यादा, गुण आणि पंचांचा कौल आला. त्या काळी हे सारे नियम आपल्याकडील पैलवानांना जवळजवळ अपरिचित होते.

लंडनमध्ये अमेरिकेचे माजी जगज्जेते रीस गार्डनर यांचे मार्गदर्शन खाशाबांना लाभले. त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिस आणि अमेरिकेच्या बिली जर्निगन यांना हरवले. इराणच्या मन्सूर रईसी यांच्याकडून पराभूत झाल्यावर ते सहाव्या स्थानी राहिले. गादीचा फारसा सराव नसलेल्या मल्लाच्या दृष्टीने ही कामगिरी लक्षणीय होती. परतल्यावर त्यांनी पुढच्या ऑलिंपिकची तयारी सुरू केली आणि वरच्या, म्हणजे ५७ किलोच्या, गटात जाण्याचे ठरवले.

निवड आणि पैसा

१९५२ ची निवड सरळ झाली नाही. मद्रास येथील राष्ट्रीय स्पर्धेत बंगालच्या निरंजन दास यांच्याविरुद्ध खाशाबांना एका गुणाने पराभूत ठरवण्यात आले. हा निकाल पक्षपाती असल्याची खाशाबांची तक्रार होती. त्यांनी भारतीय ऑलिंपिक संघटनेचे अध्यक्ष असलेल्या पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराजांनी दोघांची पुन्हा लढत ठेवली. या खेपेस गुणांचा प्रश्नच आला नाही; खाशाबांनी निरंजन दास यांना चीतपट केले आणि संघातील जागा मिळवली.

निवड झाली, पण हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. लंडनच्या वेळी पाठीशी उभे राहिलेले कोल्हापूर संस्थान १९४९ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले होते. सरकारदरबारी खाशाबांनी वारंवार अर्जविनंत्या केल्या, तरी खर्चाची तोंडमिळवणी होईना. तेव्हा गोळेश्वरच्या ग्रामस्थांनी वर्गणी काढली. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर बँकेकडे गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले. त्या काळी ही रक्कम किती मोठी होती हे ध्यानात घेतले, म्हणजे या कृतीचे मोल कळते. एका माजी विद्यार्थ्याच्या कुस्तीसाठी स्वतःचे छप्पर पणाला लावणारे प्राचार्य विरळाच.

हेलसिंकी, १९५२

जुलै १९५२ मध्ये हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडाचे आद्रियाँ पोलिक्वँ आणि मेक्सिकोचे लिओनार्दो बासुर्तो यांना चीत केले. जर्मनीचे फर्डिनांड श्मित्झ यांच्यावर गुणांनी विजय मिळवला. अखेरच्या तिघांत खाशाबांसह जपानचे शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचे रशीद मामेदबेकोव्ह हे उरले.

इशी हे मुळात जूदोपटू होते. जुन्या जपानी जुजुत्सूमधून घडलेल्या या विद्येवर महायुद्धानंतर परकीय लष्करी प्रशासनाने शाळांतून बंदी घातली, तेव्हा ते कुस्तीकडे वळले. एका बाजूला लाल मातीत शिकलेला मल्ल आणि दुसऱ्या बाजूला जूदोचे संस्कार घेऊन आलेला मल्ल अशी ही झुंज होती. दोघेही आपापल्या देशातील मूळ विद्या सोडून पाश्चात्त्य नियमांच्या गादीवर उभे होते. लढत अटीतटीची आणि दमछाक करणारी झाली. ती खाशाबांनी गमावली. मामेदबेकोव्ह यांच्याविरुद्धही त्यांना यश आले नाही. नियमानुसार दोन लढतींमध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती मिळणे आवश्यक असताना ती त्यांना मिळाली नाही आणि त्यांची बाजू मांडायला कोणीही भारतीय अधिकारी तेथे हजर नव्हता, असे त्यांच्या चरित्रासंबंधी सर्वत्र सांगितले जाते. इशी यांना सुवर्ण, मामेदबेकोव्ह यांना रौप्य आणि खाशाबांना कांस्य मिळाले. त्या स्पर्धेत जपानने जिंकलेले एकमेव सुवर्णपदक इशी यांचेच होते.

याच स्पर्धेत केशव माणगावे या कोल्हापूरच्या मल्लाचे पदक फेदरवेट गटात थोडक्यात हुकले आणि ते चौथे आले. खाशाबांच्या यशाच्या झगमगाटात त्यांचे नाव मागे पडले. खाशाबांच्या पदकालाही देशात फारशी प्रसिद्धी मिळाली नाही. त्याच आठवड्यात हॉकी संघाने सुवर्णपदक जिंकल्यामुळे वृत्तपत्रांचे लक्ष तिकडे होते.

गावाने मात्र दखल घेतली. कराड रेल्वे स्थानकावर उतरलेल्या खाशाबांची शंभराहून अधिक बैलगाड्यांतून मिरवणूक काढण्यात आली. पाव तासाच्या वाटेला सात तास लागले, असे जुनी मंडळी सांगत. त्यानंतर खाशाबांनी प्रथम काय केले, तर कोल्हापुरात कुस्त्यांची मैदाने भरवली. त्या मैदानांत ते स्वतः लढले आणि जमलेल्या पैशांतून प्राचार्य खर्डेकरांचे घर गहाणातून सोडवून दिले.

पोलीस सेवा आणि अखेरची वर्षे

१९५५ साली खाशाबा मुंबई राज्याच्या पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. दलांतर्गत स्पर्धा त्यांनी जिंकल्या आणि क्रीडाशिक्षक म्हणूनही काम केले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये गुडघ्याच्या दुखापतीमुळे त्यांना भाग घेता आला नाही. २७ वर्षांच्या नोकरीनंतर सहायक पोलीस आयुक्त या पदावरून ते निवृत्त झाले. निवृत्तिवेतनासाठी मात्र त्यांना झगडावे लागले. क्रीडा संघटनांनीही त्यांची विचारपूस केली नाही. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत ज्योत घेऊन धावणाऱ्यांत त्यांचा समावेश होता, हाच काय तो हयातीतला मोठा जाहीर सन्मान. दोनच वर्षांनी रस्त्यावरील अपघातात त्यांचे निधन झाले.

सन्मान

महाराष्ट्र शासनाचा शिवछत्रपती पुरस्कार आणि केंद्र शासनाचा अर्जुन पुरस्कार (२०००) हे दोन्ही त्यांना मरणोत्तर मिळाले. पद्म पुरस्कार आजवर मिळालेला नाही. दिल्लीतील इंदिरा गांधी क्रीडासंकुलातील कुस्तीच्या सभागृहाला २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या वेळी त्यांचे नाव देण्यात आले. १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये राज्य क्रीडा दिन म्हणून घोषित केला.

गोळेश्वर येथे त्यांच्या नावाने कुस्ती संकुल उभारण्याची घोषणा शासनाने केली होती, परंतु ते काम वर्षानुवर्षे रखडले. अखेर २०१७ साली, संकुलासाठी पैसा उभा करायचा म्हणून हेलसिंकीचे कांस्यपदक लिलावात काढण्याचा विचार जाधव कुटुंबीयांनी जाहीर केला होता.