सयाजीरावांची ग्रंथालये आणि बाबासाहेबांच्या हातातील पुस्तके

मार्च महिना आला की सयाजीराव गायकवाडांची जयंती येते आणि जाते. आपल्या सभांमधून त्यांचे नाव एका वाक्यापुरते घेतले जाते. त्यांनी बाबासाहेबांना शिष्यवृत्ती दिली, एवढे सांगून वक्ता पुढच्या मुद्द्याकडे वळतो. तिकडे प्रस्थापित मंडळी याच राजाला दानशूर आणि कलाप्रेमी ठरवून मोकळी होतात. आमच्या मते या राजाचे जे काम आपल्या चळवळीने सर्वात बारकाईने तपासायला हवे, ते दोन्हीकडून राहून गेले आहे. ते काम म्हणजे बडोद्याची सार्वजनिक ग्रंथालये. राजेशाहीचे आम्हाला प्रेम असण्याचे कारण नाही. पण सरकारी तिजोरीतून पुस्तक थेट गावात पोहोचवायचे असते, ही गोष्ट या देशात मोठ्या प्रमाणावर प्रथम एका संस्थानिकाने करून दाखवली, हे नाकारून कसे चालेल?

नाशिक जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात कवळाणे नावाचे खेडे आहे. तेथील एका शेतकरी कुटुंबात मार्च १८६३ मध्ये गोपाळराव जन्मले. घराणे गायकवाडांचेच, पण दूरच्या शाखेचे आणि शेतीवर जगणारे. १८७५ मध्ये इंग्रजांनी मल्हारराव गायकवाडांना पदच्युत केले आणि गादीला वारस हवा म्हणून महाराणी जमनाबाईंनी या मुलाला दत्तक घेतले. बारा वर्षांचा हा मुलगा गादीवर बसला तेव्हा त्याला धड लिहिता-वाचताही येत नव्हते. पुढे इलियट नावाच्या इंग्रज शिक्षकाच्या हाताखाली अभ्यास झाला आणि डिसेंबर १८८१ मध्ये राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार हातात आले. अक्षरओळख उशिरा झालेला माणूस अक्षराची किंमत जास्त ओळखतो, असे आम्हाला आपल्या वस्त्यांतल्या आईबापांकडे पाहून नेहमी वाटते. सयाजीरावांच्या बाबतीतही तसेच काही झाले असावे.

अधिकार मिळाल्यानंतर एक-दोन वर्षांतच त्यांनी अस्पृश्यांच्या मुलांसाठी सरकारी खर्चाने शाळा उघडल्या. शाळा निघाल्या, पण शिकवायला कोणी येईना. सवर्ण शिक्षकांना विटाळाची भीती. तेव्हा मुसलमान शिक्षक नेमावे लागले आणि पुढे १९०८ च्या सुमारास आर्य समाजाचे पंडित आत्माराम यांना पंजाबातून आणून या शाळांची जबाबदारी त्यांच्यावर सोपवावी लागली. १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग झाला आणि १९०६ मध्ये तो साऱ्या संस्थानाला लागू झाला. ब्रिटिश हिंदुस्थानात अजून कोणी अशा कायद्याचे नाव काढायला तयार नव्हते, तेव्हाची ही गोष्ट.

आता शाळा झाली, मुलगा चार बुके शिकला, पुढे काय? गावात वाचायला काहीच नसेल तर शिकलेले अक्षर दोन-चार वर्षांत पुसले जाते. सक्तीच्या शिक्षणावर केलेला खर्च पाण्यात जाऊ नये, या सरळ हिशेबातून ग्रंथालयाचा विचार पुढे आला. गुजरातेत मोतीभाई अमीन हे शिक्षक मित्रमंडळे स्थापून खेड्यापाड्यांत वाचनालये काढतच होते. १९१० मध्ये सयाजीराव अमेरिकेला गेले असता तेथील सार्वजनिक ग्रंथालये त्यांनी पाहिली आणि न्यू हेवनचे ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बडोद्याला बोलावले. १९१३ पर्यंत बॉर्डन बडोद्यात राहिले. संस्थानात स्वतंत्र ग्रंथालय खाते सुरू झाले आणि महाराजांनी राजवाड्यातला आपला वीस हजारांच्या आसपासचा ग्रंथसंग्रह मध्यवर्ती ग्रंथालयाला देऊन टाकला. मोतीभाईंकडे गावोगावच्या वाचनालयांचे काम आले. १९११ मध्ये ग्रंथपालांचा प्रशिक्षण वर्ग निघाला. १९१२ पासून ग्रंथालयांच्या कामाला वाहिलेले नियतकालिक इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत निघू लागले.

या सगळ्यात आम्हाला सर्वात महत्त्वाची वाटते ती लाकडी पेटी. ज्या गावात वाचनालय नव्हते तेथे फिरती पेटी जाई. एका पेटीत साधारण पंधरा ते तीस पुस्तके असत. गावातल्या लोकांनी ती काही आठवडे वाचायची आणि परत पाठवायची, मग दुसरी पेटी, दुसरी पुस्तके. पाठवण्या-आणण्याचे भाडे खाते सोसत असे. खेड्यातल्या माणसाला नवे पुस्तक पाहण्यासाठी शहर गाठावे लागू नये, पुस्तकानेच त्याच्याकडे जावे, ही ती कल्पना. शिवाय ज्याला वाचता येत नाही त्याचे काय, हाही विचार झाला होता. ग्रंथालय खात्यातच एक शाखा मॅजिक लँटर्न आणि सिनेमा घेऊन गावोगाव फिरे, लोकांना एकत्र जमवून आरोग्य, शेती आणि परदेशातले जीवन यांविषयी चित्रे दाखवी. बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयात स्त्रियांसाठी वेगळी सोय होती आणि मुलांसाठी वेगळी खोली होती. पुस्तके मांडून ठेवली की ग्रंथालय झाले, असे मानणाऱ्यांनी हे जरूर पाहावे. तिथे माणसे जमली पाहिजेत, बोलली पाहिजेत, हे शंभर वर्षांपूर्वी बडोद्यात कळले होते.

वाचनालय काढण्याची पद्धतही नीट समजून घेतली पाहिजे. गावाने वर्गणी जमवायची, तेवढीच रक्कम पंचायतीने घालायची आणि तेवढीच सरकारने. खर्चाचे असे तीन समान वाटे. या योजनेतून संस्थानात शेकडो वाचनालये उभी राहिली. योजना हुशारीची होती, यात शंका नाही. पण आम्ही वकिली चष्म्यातून पाहतो तेव्हा एक प्रश्न सुटत नाही. पहिला वाटा गावाने भरायचा, तर तो कोण भरणार? ज्याच्या घरात दाणे आहेत तो. ज्याने वर्गणी दिली तो समितीत बसणार आणि जो समितीत बसला त्याच्या कनवटीला चावी. गावकुसाबाहेरच्या माणसाला वर्गणी द्यायला पैसा नाही आणि वाचनालयाच्या पायरीवर पाय ठेवायची सोय नाही, असे असेल तर सरकारचा तिसरा वाटा कोणाच्या कामी आला? कागदावर दार सर्वांना उघडे होते. गावातले दार मात्र गावाच्या मर्जीवर.

सयाजीरावांचा दुसरा ग्रंथव्यवहार आपल्या थेट जवळचा आहे. चांगले ग्रंथ देशी भाषांत यावेत म्हणून बडोदे सरकार ग्रंथमाला चालवीत होते. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी मराठीत गौतम बुद्धाचे चरित्र लिहिले, ते १८९८ मध्ये प्रसिद्ध झाले. हे चरित्र सयाजीरावांच्याच ग्रंथमालेसाठी लिहिले गेले होते, अशी नोंद खुद्द बाबासाहेबांनी करून ठेवली आहे. शाळकरी भीमरावांनी परीक्षेत यश मिळवले तेव्हा समाजबांधवांनी कौतुकाची सभा भरवली. त्या सभेत केळुसकर गुरुजींनी आपले हे पुस्तक भीमरावांना भेट दिले. बुद्धाच्या मार्गाकडे आपले लक्ष प्रथम कसे वळले, हे सांगताना बाबासाहेब याच पुस्तकापासून सुरुवात करतात. एक नवे पुस्तक आणि चाळीतल्या लोकांनी भरवलेली एक साधी सभा. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात जे घडले त्याचा एक धागा इतक्या साध्या कार्यक्रमापर्यंत मागे जातो. शाल आणि नारळ देऊन सत्कार उरकणाऱ्यांनी याची आठवण ठेवलेली बरी.

याच केळुसकरांनी पुढे भीमरावांना महाराजांकडे नेले. महाविद्यालयासाठी महिना पंचवीस रुपये मिळू लागले. १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठासाठी महिना साडेअकरा पौंडांची तीन वर्षांची शिष्यवृत्ती मिळाली, बदल्यात संस्थानात नोकरी करण्याचा करार झाला. न्यूयॉर्कमध्ये पोटाला चिमटा काढून बाबासाहेबांनी पुस्तके जमवली. १९१७ मध्ये ते परतले तेव्हा त्यांचे सामान वेगळ्या बोटीने येत होते. महायुद्धात ती बोट बुडाली आणि पुस्तके समुद्रात गेली. विम्याच्या भरपाईचे जे पैसे आले, त्यांतून बडोद्याच्या प्रवासाची सोय झाली.

बडोद्यात काय झाले ते आपल्या प्रत्येक वाचकाला ठाऊक आहे, तरी त्यातला एक तपशील सहसा सांगितला जात नाही. हिंदू खाणावळीत जागा मिळेना म्हणून बाबासाहेब पारशी नाव सांगून एका पारशी सरायीत राहिले. भाडे दिवसाला दीड रुपया. अकराव्या दिवशी सकाळी जेवण करून, कपडे घालून ते कचेरीत निघाले होते. आदल्या रात्री वाचायला आणलेली काही पुस्तके ग्रंथालयात परत करायची म्हणून ते उचलून घेत होते. तेवढ्यात जिन्यावर पावले वाजली आणि हातात काठ्या घेतलेले डझनभर पारशी दारात उभे राहिले. संध्याकाळपर्यंत चालता हो, नाहीतर परिणाम बघ, असा हुकूम झाला. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राकडे आसरा मागितला, दोघांनी सबबी सांगितल्या. सार्वजनिक बागेत काही तास काढून, डोळ्यांतले पाणी पुसत ते रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले.

त्या सकाळी त्यांच्या हातात ग्रंथालयाची पुस्तके होती, याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. सयाजीरावांच्या राजधानीत अस्पृश्याला पुस्तक मिळत होते आणि रात्र काढायला खोली मिळत नव्हती. कचेरीत शिपाई फायली टेबलावर फेकत होते, प्यायला पाणी मिळत नव्हते. हे फायली फेकणारे हात निरक्षर होते काय? ज्या मित्रांनी सबबी सांगितल्या ते तर सुशिक्षित होते. ग्रंथालयांचे कौतुक करणाऱ्या सगळ्या पुस्तकांत आकडे असतात, इमारतींचे फोटो असतात. ही सकाळ नसते.

महाराजांची जबाबदारी किती? बाबासाहेबांच्या निवासाचे गाऱ्हाणे महाराजांपर्यंत गेले, महाराजांनी ते दिवाणांकडे सोपवले आणि दिवाणांनी असमर्थता दाखवली. १९११ च्या दिल्ली दरबारात खुद्द इंग्रज बादशहासमोर रिवाजाप्रमाणे न झुकणारा हा राजा, स्वतःच्या राजधानीत एका नोकराला एक खोली मिळवून देऊ शकला नाही. काही अभ्यासक म्हणतात, संस्थानिकाच्या हातात तरी किती होते? आम्हाला हा युक्तिवाद पटत नाही. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या बापाला दंड करणारे सरकार, आपल्या अधिकाऱ्याला घर नाकारणाऱ्यांना दंड करू शकले असते. फरक एवढाच की पहिल्या बाबतीत कायदा केला होता, दुसऱ्या बाबतीत फक्त सदिच्छा होती.

एवढे म्हणूनही सयाजीरावांचे मोठेपण उरतेच, ते आम्ही लपवणार नाही. १९१८ मध्ये मुंबईत भरलेल्या अस्पृश्यता निवारण परिषदेचे अध्यक्ष ते होते. पहिल्या गोलमेज परिषदेत आपला हा जुना शिष्यवृत्तीधारक चार कोटी तीस लाख लोकांच्या वतीने बोलताना त्यांनी पाहिला आणि ते भारावून गेले. बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयासाठी मांडवी भागात नवी इमारत झाली, तिच्यातल्या लोखंडी फडताळांच्या मजल्यांना काचेच्या फरशा आहेत, म्हणजे वरचा उजेड खालपर्यंत यावा. ती इमारत आजही उभी आहे. ६ फेब्रुवारी १९३९ ला मुंबईत सयाजीरावांचे निधन झाले. तोपर्यंत बाबासाहेबांनी दादरला पुस्तकांना केंद्रस्थानी ठेवून राजगृह बांधले होते.

आता आपल्याकडे पाहू. देशातला पहिला ग्रंथालय कायदा १९४५ मध्ये कोल्हापूर संस्थानात झाला. १९४८ च्या मद्रास कायद्याने मालमत्ता करावर ग्रंथालयासाठी वेगळा उपकर बसवला, म्हणजे पैशाची हमी दिली. महाराष्ट्राचा कायदा १९६७ चा, पण त्यात असा उपकर नाही. सरकार देईल ते अनुदान. ते अनुदान अ, ब, क, ड असा दर्जा लावून जाते ते बहुतांशी नोंदणीकृत संस्थांनी चालवलेल्या वाचनालयांना. म्हणजे बडोद्यातला चावीचा प्रश्न येथेही आहेच. संस्थेचे सभासद कोण, कार्यकारिणी कोणाची, पुस्तके निवडतो कोण? सार्वजनिक पैशावर चाललेल्या कित्येक वाचनालयांत पोथ्या आणि पाकशास्त्र भरपूर, आणि बाबासाहेबांचे सरकारनेच छापलेले खंड शोधावे लागतात, हा अनुभव वाचकांपैकी अनेकांनी घेतला असेल.

आणि आपले? सहा डिसेंबरला शिवाजी पार्कवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या दुकानांपुढे जी गर्दी लोटते, ती या राज्यात दुसऱ्या कोणत्याही समाजाच्या मेळाव्यात दिसत नाही. मजूर बाई पदराच्या गाठीतले पैसे सोडून पुस्तक घेते. हे वैभव वर्षातून दोन दिवसांचे. उरलेल्या दिवसांत तिच्या वस्तीतल्या विहाराचे कपाट कुलपात असते, आणि जयंतीच्या वर्गणीतला मोठा वाटा आवाजाच्या भिंतीवर जातो. विहारात आठवड्यातून एक संध्याकाळ नव्या पुस्तकाची ठेवली, कोणी तरी ते मोठ्याने वाचून दाखवले आणि निरक्षर आजीलाही प्रश्न विचारू दिला, तर त्याला सरकारी मंजुरी लागत नाही. मात्र तेवढ्यावर थांबून सरकारला मोकळे सोडू नये. आपल्या करातून चाललेल्या वाचनालयावर आपला हक्क आहे.

तो बजावण्याची पहिली पायरी सोपी आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयात अर्ज करावा. साध्या कागदावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावला की पुरे, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तोही नको, फक्त पुरावा जोडावा. अर्जात चारच गोष्टी विचाराव्यात. आपल्या तालुक्यातील अनुदानित वाचनालयांची दर्जासह यादी. प्रत्येकाला गेल्या तीन वर्षांत मिळालेले अनुदान. कार्यकारिणीच्या सदस्यांची नावे. आणि त्या अनुदानातून विकत घेतलेल्या नव्या पुस्तकांची यादी. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर पहिले अपील त्याच कार्यालयाच्या अपिलीय अधिकाऱ्याकडे करावे. उत्तर आले तर ते विहाराच्या फलकावर लावावे.