शाळा अंगणात नेणाऱ्या ताराबाई मोडक

गुजरातपासून आसामपर्यंत आणि पंजाबपासून केरळपर्यंत आज अंगणवाडी हा शब्द घराघरांत पोहोचला आहे. हा शब्द ज्या प्रयोगातून रूढ झाला, तो प्रयोग तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी झाला. त्यामागे एका मराठी विदुषीची दृष्टी होती. तिचे नाव ताराबाई मोडक.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते. त्यामुळे मुलींच्या शिक्षणास घरातून विरोध नव्हता. १९१४ साली ताराबाई मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. विवाहानंतर त्या अमरावतीस गेल्या. परंतु तो संसार टिकला नाही. पदरी लहान मुलगी होती आणि चरितार्थ स्वतःच चालवायचा होता. राजकोटच्या बार्टन स्त्री अध्यापन विद्यालयाचे प्राचार्यपद त्यांना मिळाले. मान होता, वेतन होते, सरकारी चाकरीची शाश्वती होती. तरीही १९२३च्या सुमारास त्यांनी ते पद सोडले आणि भावनगरची वाट धरली.

भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत वकिली सोडून आलेले गिजुभाई बधेका १९२०पासून बालमंदिर चालवीत होते. छडी, धाक आणि घोकंपट्टी यांना तेथे थारा नव्हता. माँटेसरी पद्धतीचा भारतीय मातीत कसा उपयोग होईल, याचा शोध तेथे चालू होता. ताराबाई त्या शोधात पूर्णपणे सामील झाल्या. परप्रांतात राहून त्यांनी तेथील भाषा आपलीशी केली आणि गुजराती पालकांसाठी व शिक्षकांसाठी लेखन केले. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. त्याच्या शिक्षणपत्रिकेची पुढे मराठी आवृत्तीही निघू लागली. घरात मराठी आणि कार्यात गुजराती, असा दोन भाषांचा संसार त्यांनी सहजतेने केला.

१९३६ साली त्या मुंबईस परतल्या. दादरच्या हिंदू कॉलनीत शिशुविहार उभा राहिला आणि पुढे बालशिक्षिका घडविणारे अध्यापन मंदिरही निघाले. संस्थेचा लौकिक वाढला. पण एक प्रश्न ताराबाईंची पाठ सोडीना. माँटेसरीची साधने महाग, जागा महाग, प्रशिक्षित शिक्षिका मोजक्या. साहजिकच हे शिक्षण सुखवस्तू घरांपुरते उरत होते. ज्या मुलाला त्याची सर्वाधिक गरज, त्याच्या आईबापांना ते परवडणारे नव्हते. सरकारी शिक्षणखाते तर शाळेची सुरुवात पहिलीपासूनच मोजत होते. त्याआधीची वर्षे ही घराची बाब, असा सर्वसाधारण समज होता. १९४४च्या सार्जंट अहवालाने तीन ते सहा वर्षांच्या दहा लाख मुलांसाठी विनामूल्य शिशुशाळांची शिफारस केली खरी. परंतु शिफारशीला पैशांची जोड मिळाली नाही.

सरकारी मदतीची वाट पाहत बसण्याऐवजी ताराबाईंनी खर्चच कमी करण्याचा मार्ग शोधला. १९४५च्या डिसेंबरात बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले आणि अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. परदेशी साधनांच्या जागी शिंपले, बिया, खडे, पाने आणि गावच्या सुताराने केलेली खेळणी आली. तरीही दलित वस्तीतील मुले केंद्रात येईनात. तेव्हा शिक्षिकाच त्या वस्तीत गेल्या आणि एखाद्या घराच्या अंगणात मुले जमवून वर्ग भरू लागला. मुलांना अंघोळ घालणे, नखे कापणे, केस विंचरणे हाही अभ्यासक्रमाचाच भाग ठरला. हीच अंगण-बालवाडी.

१९५७ साली कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील वारली मुले गुरे राखत. म्हणून शाळा कुरणात गेली आणि कुरणशाळा जन्मली. थोरल्या बहिणी धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी घरी राहत. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली गेली. मुलगी शिकावी असे वाटत असेल, तर तिच्या कडेवरील बाळाची सोय आधी व्हायला हवी, हे या रचनेने दाखवून दिले.

१९४६नंतर काही वर्षे ताराबाई मुंबई प्रांताच्या विधिमंडळात होत्या. १९६२ साली त्यांना पद्मभूषण हा सन्मान मिळाला. शासनाचे धोरण मात्र सावकाश बदलत होते. १९५३ साली स्थापन झालेल्या केंद्रीय समाजकल्याण मंडळाकडून स्वयंसेवी बालवाड्यांना अनुदान मिळू लागले. पुढे कोठारी आयोगानेही हे क्षेत्र मुख्यतः खासगी संस्थांकडेच ठेवले. शासनाने प्रशिक्षण, संशोधन आणि अनुदान यांद्वारे हातभार लावावा, असा त्याचा रोख होता.

३१ ऑगस्ट १९७३ रोजी ताराबाईंचे निधन झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्राला अंगणवाडी हे नाव मिळाले. आरंभी योजनेचा खर्च केंद्र सरकारने आणि पूरक आहाराचा खर्च राज्यांनी उचलावा, अशी विभागणी होती. २००२च्या घटनादुरुस्तीने सहा वर्षांखालील सर्व बालकांचे संगोपन व शिक्षण हे राज्याच्या धोरणाचे मार्गदर्शक तत्त्व ठरले.

योजना देशभर पसरली, तरी ती चालविणाऱ्या स्त्रियांना वेतनाऐवजी मानधनच मिळत राहिले. त्या उपदानास पात्र आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली ठरविले, तेही गुजरातमधील सेविकांच्या प्रकरणात. ज्या प्रांतात ताराबाईंनी पक्की नोकरी सोडून बालशिक्षणाचे व्रत घेतले, त्याच प्रांतातून हा न्याय मागितला गेला. बालशिक्षण स्वस्त करता येते, हे ताराबाईंनी सिद्ध केले. मात्र स्वस्त म्हणजे फुकट नव्हे. अंगणात बसणाऱ्या मुलाचा आणि त्याला शिकविणाऱ्या बाईंचा वाटा सरकारी अंदाजपत्रकात पुरेसा असणे, हे त्यांच्या कार्यातील अजून पुरे न झालेले काम आहे.