कार्यकर्ते घडविणारे संन्यासी : स्वामी रामानंद तीर्थ

मराठवाड्याच्या मुक्तिसंग्रामाचे सेनानी म्हणून स्वामी रामानंद तीर्थ यांचे नाव नांदेड-लातूरच्या घराघरांत आदराने घेतले जाते. त्यांचा त्याग, त्यांचा कारावास आणि त्यांची भगवी वस्त्रे सर्वांच्या स्मरणात आहेत. मात्र त्यांच्या थोरवीची आणखी एक बाजू प्रत्येक सामाजिक संस्थेने ध्यानात घ्यावी अशी आहे. सारी कामे एकट्याच्या खांद्यावर न घेता, ती पेलणारी माणसे त्यांनी घडविली आणि त्या माणसांच्या हाती अधिकारही सोपविले.

स्वामीजींचे पूर्वाश्रमीचे नाव व्यंकटेश खेडगीकर. त्यांचा जन्म ३ ऑक्टोबर १९०३ रोजी विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे झाला. शिक्षणानंतर काही काळ त्यांनी कामगार नेते ना. म. जोशी यांचे सचिव म्हणून काम केले. १९२९ मध्ये ते निजामी राजवटीतील तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यात, हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळेत आले. तेथील वास्तव्यात त्यांनी संन्यासदीक्षा घेतली. हा संन्यास गिरिकंदरी जाऊन बसण्यासाठी नव्हता. संसाराचा पाश न ठेवता समाजकार्याला वाहून घेण्यासाठी होता.

१९३५ मध्ये स्वामीजी आपल्या सहकाऱ्यांसह मोमिनाबाद, म्हणजे आजच्या अंबाजोगाईस आले. तेथील योगेश्वरी शाळा त्यांनी नावारूपास आणली. एखाद्याला त्या शाळेतच आयुष्य कृतार्थ वाटले असते. परंतु १९३८ मध्ये लातूर येथे महाराष्ट्र परिषदेचे अधिवेशन झाले आणि परिषदेच्या सरचिटणीसपदाची जबाबदारी स्वामीजींवर आली. तेव्हा शाळेचा भार बाबासाहेब परांजपे यांच्यावर सोपवून ते पूर्णवेळ लोककार्यात उतरले. ज्यांच्या हाती शाळा दिली, त्यांची तयारी हिप्परग्यापासून सहवासातच झालेली होती. म्हणूनच स्वामीजी गेले, तरी शाळा उभी राहिली.

त्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्यापूर्वीच तिच्यावर बंदी आली. ऑक्टोबर १९३८ मध्ये सत्याग्रह सुरू झाला. एक तुकडी अटक झाली की दुसरी पुढे येत असे. नेता तुरुंगात गेला म्हणून लढा थांबत नाही, हा धडा संस्थानातील तरुण कार्यकर्त्यांना या सत्याग्रहाने दिला.

या धड्याची खरी कसोटी १९४७ मध्ये लागली. देश स्वतंत्र होत असताना निजामाने भारतात सामील होण्यास नकार दिला. आपल्याला अटक होणार हे स्वामीजी जाणून होते. सारी सूत्रे त्यांच्याच हाती एकवटलेली असती, तर १५ ऑगस्ट १९४७ रोजी त्यांना पकडताच चळवळ निर्नायकी झाली असती. तसे घडले नाही. दिगंबरराव बिंदू यांच्या अध्यक्षतेखाली कृती समिती काम करू लागली. गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखे कर्तबगार सहकारी तीत होते. संस्थानाच्या सीमेबाहेर जागोजागी केंद्रे उघडली गेली. नांदेड भागाला लागून असलेले उमरखेड हे त्यांपैकी एक. पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्या काळी चांदा येथील केंद्रात होते.

'जैसे थे' करारानंतर, नोव्हेंबर १९४७ च्या अखेरीस स्वामीजींची सुटका झाली. पुढचे सुमारे दोन महिने ते बाहेर होते; तरी समितीचे काम समितीकडेच राहिले. २६ जानेवारी १९४८ रोजी त्यांना पुन्हा अटक झाली आणि त्यानंतर चौथ्याच दिवशी, ३० जानेवारीला, नांदेड जिल्ह्यातील उमरी येथील बँकेवर कार्यकर्त्यांनी छापा घातला. लढ्यासाठी मोठी रक्कम त्यांच्या हाती आली.

येथे सोपविण्याच्या कामातील खरी अवघड जागा दिसते. स्वामीजींची घडण गांधीविचारांची. गोविंदभाईंचा ओढा डाव्या विचारांकडे. अनेक तरुणांचा पिंड त्याहूनही निराळा होता. रझाकारांच्या अत्याचारांपुढे सशस्त्र प्रतिकाराची वेळ आली, तेव्हा क्षणोक्षणीचे निर्णय सीमेवरच्या माणसांनाच घ्यावे लागले. तुरुंगातून त्यांना विचारीत बसणे शक्य नव्हते. दुसऱ्याच्या हाती अधिकार द्यायचा, तर त्याच्या बुद्धीने घेतलेला निर्णयही आपलाच मानावा लागतो. केवळ आपल्यासारखाच विचार करणाऱ्यांना निवडणे सोपे असते. स्वामीजींनी भिन्न विचारांची, पण निष्ठेने पारखलेली माणसे जवळ केली. सप्टेंबर १९४८ च्या पोलिस कारवाईने १७ सप्टेंबर रोजी संस्थान मुक्त झाले. त्यानंतर स्वामीजी बाहेर आले, तेव्हा त्यांनी उभी केलेली संघटना जिवंत होती.

पुढे विचारभेदामुळे काही निकटचे सहकारी काँग्रेसपासून दूर गेले. माणसांना स्वतंत्र बुद्धीने वागू देण्याची ही किंमत होती, आणि ती स्वामीजींना मोजावी लागली. ते १९५२ मध्ये गुलबर्ग्याहून आणि १९५७ मध्ये औरंगाबादहून लोकसभेवर निवडून गेले. मंत्रिपद मात्र त्यांनी स्वीकारले नाही. नांदेड येथे १९५० मध्ये पीपल्स कॉलेज उभे राहिले, ते त्यांच्याच प्रेरणेने. खादीच्या कार्यालाही त्यांनी संस्थेचे रूप दिले. आज नांदेडच्या खादी केंद्रात राष्ट्रध्वज तयार होतात आणि त्यांसाठीचे कापड लातूर जिल्ह्यातील उदगीर येथे विणले जाते.

२२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबाद येथे स्वामीजींचे निधन झाले. १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेड येथे त्यांच्या नावाचे विद्यापीठ स्थापन झाले. लातूर, परभणी आणि हिंगोली हे जिल्हेही त्याच विद्यापीठाच्या कक्षेत येतात.

कोणत्याही संस्थेची पन्नास वर्षे एका माणसाच्या बळावर पुरी होत नाहीत. संस्थापकाचे खरे यश तो असताना किती कामे झाली यात जेवढे असते, त्याहून अधिक तो नसताना किती माणसे पुढे येऊन उभी राहिली, यात असते. शाळा परांजप्यांच्या आणि लढा बिंदू-श्रॉफ यांच्या हाती निःशंकपणे देणाऱ्या या संन्याशाचे जीवन नव्या पिढीच्या कार्यकर्त्यांना, आणि त्याहूनही अधिक जुन्या पिढीच्या विश्वस्तांना, दीर्घकाळ मार्गदर्शक ठरेल.